समोरच्या गॅलरीपर्यंत

शकीलाआपांकडं गाडी शिकायला गेले त्या पहिल्या दिवशी माझ्या पायात उंच टाचांच्या चपला होत्या, डोळ्यांवर गॉगल होता आणि डोक्यात काहीच नव्हतं. ह्यांनी नुकतीच जुनी मारुती घेतली होती. माझं ध्येय ठरलेलं: भिशीला स्वतः गाडी चालवत जायचं, किल्ली बोटात गरागरा फिरवत आत शिरायचं आणि जाऊबाईंचं तोंड बघायचं. त्यापलीकडं आयुष्याकडून माझी काही मागणी नव्हती.

आपा क्लासच्या गाडीला टेकून उभ्या होत्या. बुटक्या, काटक, सलवारखाली पांढरे कापडी बूट, गालात वेलची. नवरा गेल्यावर त्याचा मोटार ड्रायव्हिंगचा क्लास ह्या बाईनं एकटीनं चालवला. छावणीपासून चिकलठाण्यापर्यंत त्या काळी ज्या बायका गाडी शिकल्या, त्यातल्या बऱ्याच हिच्या हाताखालून गेलेल्या. मला वाटलं, आता दार उघडतील, स्टिअरिंग हातात देतील. त्यांनी मला पायांपासून वर डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "जा, पलीकडं जाऊन ये."

"कुठं?"

"रस्त्याच्या पलीकडं. त्या पांढऱ्या पट्ट्यांवरून जा आणि तसंच परत ये."

"आणि गाडी?"

"आधी चप्पल, मग क्लच."

मी गेले. म्हणजे निघाले. ट्रक आला, मागं सरले. टेम्पो आला, मागं सरले. एकदा धीर करून अर्ध्यात पोचले तर एक टाच डांबरात रुतली आणि एक लूनावाला माझ्या गॉगलकडं बघून शीळ घालत अंगावरून गेला. परत आले तेव्हा गॉगल पर्समध्ये होता, चपला हातात होत्या आणि भिशीतल्या कुणी पाहिलं नाही ना, एवढीच चिंता होती.

आपांनी वेलची ह्या गालातून त्या गालात नेली. "कसं वाटलं?"

"रडू आलं."

"बरं झालं. आता बस गाडीत. आणि जे वाटलं ते विसरू नक्को."

हा धडा प्रत्येकीला होता. वकिलाची बायको असो, नर्स असो, पैठणहून खास शिकायला आलेली सरपंचाची सून असो, पहिल्या दिवशी स्टिअरिंग नाही. पट्ट्यांवरून जाऊन या. काही जणी रागानं परत आल्याच नाहीत. आपांना त्याचं सुतक नव्हतं. म्हणायच्या, "नाय आली तर बरंच, रस्त्यावर एक लोखंड कमी."

गाडीला त्या गाडी म्हणतच नसत. लोखंड म्हणत. "लोखंड घेऊन निघालीस तू. समोरच्याकडं फक्त कातडी हाय. मग कुणी थांबायचं, सांग?" शेजारच्या सीटवर उशी टाकून त्या बसायच्या, नाहीतर समोरचं दिसायचं नाही. शिकवणाऱ्याच्या पायाशी जास्तीचा एक ब्रेक असतो, त्यावर त्यांचा कापडी बूट मांजरासारखा दबा धरून असे. पट्टे दिसले आणि कडेला कुणी उभं असलं की मी काही करायच्या आत गाडी थांबलेली आणि माझं नाक काचेशी गेलेलं.

मागून हॉर्न सुरू व्हायचे. हॉर्न फारच झाले तर आपा खाली उतरत, मागच्या गाडीच्या काचेशी जात, ओढणीच्या गाठीतली वेलची काढून पुढं करत. "लई गडबड हाय का, भाईसाब? घ्या, तोंडात टाका. तेवढ्यात ती बाई जाते पलीकडं." माणसाला शिवी द्यायची असते आणि हातात वेलची आलेली असते. बहुतेक जण गप्प खात.

एकदा मागं पांढरी गाडी होती, पुढं झेंडा लावलेली. आतून एक पुढारी तावातावानं उतरले. मी स्टिअरिंगमागं इतकी खाली सरकले की बाहेरून गाडी आपोआप चालते असं वाटलं असतं. पट्ट्यांवर एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन हळूहळू चाललेली. पुढारी ओरडले, "बाई, आम्हाला सभेला जायचंय!"

आपा म्हणाल्या, "जा ना साहेब. पण मतदार हाय समोर. तिला जाऊ द्या आधी."

पुढाऱ्यांनी म्हातारीकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि सवयीनं हात जोडले. म्हातारीनं पाटी सावरत एक हात वर केला. तिला वाटलं, कुणी ओळखीचं आहे.

परीक्षेच्या दिवशी मी आपांचं नाव उजळवलं. आरटीओच्या मैदानात साहेब शेजारी बसले होते, पुढं आखलेले पट्टे आले, मी गाडी थांबवली. कौतुकानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मान हलवली. मी थांबलेलीच. साहेब म्हणाले, "मॅडम, चला."

"कुणी जायचं असेल तर?"

"मॅडम, मैदानात दुसरं कुणीच नाहीये."

थांबायचं हे आपांनी शिकवलं होतं, कुणीच नसेल तर काय हे विचारायचं माझं राहून गेलं होतं. साहेबांनी पास केलं, पण हसत हसत. आपा मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं हाय." त्यांच्या तोंडून ह्याच्यापेक्षा मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही.

पुढं क्लास बंद झाला, गाडी विकली गेली आणि आपा आमच्याच कॉलनीत राहायला आल्या. त्याला कारण होतं रस्त्यापलीकडची बिल्डिंग. तिथं पहिल्या मजल्यावर त्यांची धाकटी बहीण रेहाना राहायची. रेहानाची नजर जात चालली होती. सून नोकरीला जाई, दिवस एकटीचा. आपा रोज संध्याकाळी उर्दू पेपर घेऊन पलीकडं जायच्या, बहिणीला वाचून दाखवायच्या, सरकारला दोघी मिळून नावं ठेवायच्या आणि मगरिबच्या नमाजाआधी घरी. एवढाच त्यांचा कार्यक्रम. इकडच्या गॅलरीतून तिकडची गॅलरी समोर दिसायची. मध्ये होता जालना रोड.

हा रस्ता पूर्वी असा होता की रेहानाकडून कोथिंबीर मागवायची तर नुसती हाक पुरायची. मग तो रुंद झाला, पुन्हा रुंद झाला, मध्ये दुभाजक आला, त्यावर जाळी आली. शहराचं नाव बदललं, रस्त्याचा वेग बदलला, आपा आणि रेहाना मात्र जिथल्या तिथं. आपांनी वॉर्ड ऑफिसात खेटे घालून पट्टे रंगवून घेतले. रंगवणाऱ्यांनी ते ह्या कडेपासून थेट दुभाजकाच्या जाळीपर्यंत नेले आणि जाळीच्या पलीकडून पुढं चालू केले. आपा कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "हे भिंतीवर दार काढल्यासारखं झालं की रे!" म्हणाल्या. पुढं रात्रीतून कुणीतरी जाळी कापली आणि माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट झाली. कायद्यानं नाही, पण दार उघडलं.

तुम्ही म्हणाल, रिक्षानं जायचं. मीही म्हणाले होते. रिक्षानं पलीकडं जायचं तर लांबच्या चौकापर्यंत जायचं, वळायचं आणि तेवढंच परत यायचं. रिक्षावाला विचारी, "कुठं जायचं?" आपा बोट दाखवत, "ते काय, समोर." तो म्हणे, "समोरच तर है खाला, पैदल जाव ना!" आणि निघून जाई. आपा माझ्याकडं बघत. "ऐकलंस? सगळे म्हणतात पायी जा. जाऊ कुणी देत नाय."

तरी त्या जात. पळत मात्र नसत. पट्ट्यांवर पळणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग. "चोर पळतो. मी काय चोरी केली?" कडेला उभ्या राहत, गाड्यांच्या काचेतून ड्रायव्हरच्या डोळ्यात बघत. ड्रायव्हर डोळे चुकवत. कधीकधी त्यांची जुनी विद्यार्थिनीच गाडीत असे. काच खाली होई, "सलाम, मॅडम! कशा आहात?" असा आवाज वाऱ्यावर येई आणि गाडी पुढं. आपा म्हणायच्या, "हात करतात, ब्रेक नाय मारत. मी हेच शिकवलं का गं ह्यांना?"

मी सोबत असले की मी त्यांचा दंड धरून ओढायची. माझा सगळा जन्म पळण्यात गेलेला, मला काय त्याचं. त्या ओरडायच्या, "सोड, मंगल! मी शेळी नाय."

मग तो दिवस आला. त्या दिवशी एक गाडी थांबली.

खरोखर थांबली. पट्ट्यांच्या अलीकडं, व्यवस्थित. आतल्या तरुणानं हातानं खूण केली, या आजी. मी कडेच्या भाजीवाल्यापाशी मेथी निवडत होते, माझ्या समोर झालं सगळं. आपांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यांनी त्या पोराला मान लवून सलाम केला, पेपर काखेत मारला आणि शाळेच्या पहिल्या दिवशी निघाल्यासारख्या निघाल्या. थांबलेल्या गाडीच्या पुढून त्या पलीकडं निघाल्या आणि त्या गाडीच्या आडून, ही का थांबली म्हणून वैतागलेली एक मोटरसायकल सुसाट पुढं आली.

हेच त्यांनी आम्हाला घोकून घोकून शिकवलं होतं. पट्ट्यांशी कुणी थांबलेलं दिसलं तर त्याला ओलांडून जायचं नाही, तिथं माणूस असणार. आनंदात त्या एवढंच विसरल्या की हे मोटरसायकलवाल्याला कुणी शिकवलेलं नाही.

मनगट मोडलं, कंबर सुजली. मी मेथी टाकून धावले. मोटरसायकलवाला पोरगा पळाला नाही, हे त्याचं चांगलं. पांढराफटक पडून उभा होता आणि एकच वाक्य म्हणत होता, "मी हॉर्न मारला होता ना! आज्जी, मी हॉर्न मारला होता ना!"

आपा रस्त्यावर बसलेल्या, हात पोटाशी धरलेला. म्हणाल्या, "बेटा, ब्रेक कुठं असतो ते ठाऊक हाय ना?"

"हौ."

"मग तो मारायचा."

पोरगा रडायला लागला. त्यालाच पाणी द्यावं लागलं.

त्यानंतर आपा गॅलरीत आणि रेहाना गॅलरीत. प्लॅस्टरमधला हात कठड्यावर ठेवून आपा बसायच्या, समोर रेहाना पांढरी ओढणी घेऊन. दोघी मोबाईलवर बोलायच्या, समोरासमोर बसून. आपा पेपर वाचायच्या आणि मध्येच थांबायच्या, कारण रस्त्यावरचा हॉर्न आधी कानात शिरायचा आणि मग पुन्हा फोनमधून. रेहानाला समोरची आपा दिसत नव्हतीच. तरी ती विचारायची, "आज कौनसे रंग का पहनी?" आपा सांगायच्या, आणि रेहाना इकडं बघून हसायची. मी शेजारी बसून चहा प्यायचे आणि बघायचे.

पुण्याहून इम्रान आला. आपांचा एकुलता एक. गुणी पोरगा, मोठ्या कंपनीत, लिफ्ट असलेल्या सोसायटीत राहतो. त्यानं एकदाच सांगितलं, "अम्मी, आता बस झालं. एक तर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, नाही तर माझ्यासोबत चला. तिकडं आत बाग आहे, फिरा किती फिरायचं ते."

"बागेत गोल गोल फिरू? रेहाना तिथं हाय का?"

"खालाशी फोनवर बोलता येईल."

"ते इथंबी येतं."

मग आपाच म्हणाल्या, "तू काल आलास ना, मी गॅलरीतून पाहिलं. पट्ट्यांवर एक बाई लेकरू घेऊन उभी होती. तू नाय थांबलास."

"अम्मी, मागं ट्रक होता. मी ब्रेक मारला असता तर तो माझ्या अंगावर आला असता."

तो खोटं बोलत नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. थांबावं असं वाटणाराही त्या रस्त्यावर अडकलेलाच.

प्लॅस्टर निघायच्या आधीच आपांनी त्याच्याशी सौदा केला. "एकदा मी माझ्या पायानं पलीकडं जाते आणि येते. तू बघत उभा राहा. गेले तर मी इथंच राहणार. नाय गेले तर तुझ्या गाडीत बसते." इम्राननं माझ्याकडं पाहिलं. मी पदराशी चाळा केला. त्यानं कबूल केलं.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर आम्ही पट्ट्यांपाशी गेलो. रेहानाला फोन गेला होता, ती गॅलरीत उठून उभी, कठडा धरून. आपांनी कापडी बूट घातले होते, नाड्या मी बांधल्या. पट्ट्यांच्या कडेला उभ्या राहून त्या गाड्यांकडं बघू लागल्या.

शाळेच्या बस गेल्या. कंपन्यांच्या बस गेल्या. चिकलठाण्याच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली, मोटरसायकलींचा लोट आला, तो ओसरेपर्यंत दुसरा आला. एका गाडीनं वेग कमी केला, आपांनी एक पाऊल टाकलं, मागच्यानं हॉर्न मारला, ती गाडी निघून गेली. आपांनी पाऊल मागं घेतलं. दोनतीनदा असंच. मध्ये अशी एक फट आली होती की मी असते तर पदर खोचून पळाले असते. मी म्हणालेसुद्धा, "आपा, आत्ता! पळा!"

"पळणार नाय."

इम्रान पुढं झाला. "अम्मी, मी रस्त्यात उभा राहून गाड्या अडवतो. चला."

"उद्या अडवशील?"

तो जागीच थांबला.

"परवा?"

आपा पुन्हा गाड्यांकडं बघू लागल्या. कुणाशी भांडल्या नाहीत, हात केला नाही, ओरडल्या नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गाड्या थांबवणारी बाई स्वतःसाठी एका गाडीची वाट बघत होती. समोर रेहानाचा हात कठड्यावरून सुटत नव्हता. दिवे लागले, अजान झाली. आपांनी ओढणी डोक्यावरून सारखी केली आणि वळल्या. "चल इम्रान. भूक लागली."

वाटेत मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आपा, पुण्यात हवा बरी असते."

"तू अजून गॉगल घातलेलीच हायस," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर प्लॅस्टर नसलेला हात ठेवला.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी इम्राननं त्यांना लांबच्या चौकातून वळसा घालून रेहानाकडं नेलं. दोघी बराच वेळ आत होत्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही.

निघायच्या सकाळी मी त्यांना गेटवर निरोप दिला. बॅगा ठेवणं, पाण्याच्या बाटल्या, विसरलेलं औषध ह्यात वेळ जात होता. मला निरोपाचं लांबण सोसत नाही, म्हणून मी दुधाची पिशवी घ्यायचं निमित्त करून पुढं आले आणि पट्ट्यांजवळच्या टपरीशी उभी राहिले. मला पलीकडं जायचं नव्हतं. पलीकडं माझं काही कामच नव्हतं.

गल्लीतून इम्रानची गाडी बाहेर पडली, रस्त्याला लागली आणि पट्ट्यांपाशी येऊन थांबली. मधोमध. मागचे पिवळे दिवे उघडझाप करू लागले. मागून पहिला हॉर्न आला, मग सगळेच आले. शेजारून निघू बघणाऱ्या मोटरसायकलीपुढं गाडीचं दार अर्धं उघडलं आणि ती कचकन थांबली. आपांच्या बाजूची काच खाली झाली, पांढरं प्लॅस्टर घातलेला हात बाहेर आला. माझ्याकडं, मग समोर. जा.

मी मानेनं नाही म्हटलं. हातातलं दूध दाखवलं. घराकडं बोट केलं. हात तसाच. स्टिअरिंगमागं इम्रान सरळ समोर बघत बसला होता, कान लाल झालेले, पण गाडी हलत नव्हती. हॉर्नचा नुसता कल्लोळ. टपरीवाला म्हणाला, "मावशी, जा ना बाई एकदाची! सगळे तुमच्यासाठी थांबलेत!"

मग मी निघाले. दुधाची पिशवी घेऊन, पट्ट्यांवरून, हळू. पळावंसं फार वाटत होतं, पण त्या बघत होत्या. गाडीच्या पुढून जाताना मी आत पाहिलं. आपा उशीवर बसलेल्या, गालात वेलची. म्हणाल्या, "बरं हाय."

मी दुभाजकापर्यंत पोचले, जाळीच्या फटीत तिरकी होऊन उभी राहिले आणि वळून पाहिलं. दार लागलं, गाडी निघाली. हात अजून बाहेरच होता. गाड्यांच्या गर्दीत तो पांढरा हात बराच लांबपर्यंत दिसला, मग एक टँकर मध्ये आला.

मागचा अर्धा रस्ता लगेच वाहू लागला. पुढचा अर्धा तर थांबलाच नव्हता. समोर गॅलरीत रेहाना उभी होती, काही न दिसणाऱ्या डोळ्यांनी रस्त्याकडं कान लावून. परत जावं की पुढं, ह्याचा विचार करायला मला भरपूर वेळ होता. कुणीच थांबत नव्हतं.